नृत्यगुरूंचा गौरव समारंभ: कामाला कुठून लागायचं आणि कुठे चुकतं

तीस-चाळीस वर्षं वर्ग चालवलेल्या नृत्यशिक्षिकेचा गौरव करायचा ठरतो आणि प्रत्यक्षात होतं ते वर्गाचं नेहमीचं वार्षिक संमेलन, मध्ये शाल-श्रीफळाची वीस मिनिटांची घाई. जिचा सत्कार, तीच विंगेत उभी राहून मुलींच्या ओढण्यांना पिना लावत असते. मानपत्रात ‘अविरत कलासाधना’ असते, पण वर्ग कोणत्या साली, कुठल्या शाळेच्या खोलीत सुरू झाला हे नसतं. कारण काम उलट्या क्रमाने होतं: आधी पाहुणा, मग नाच, मग पोशाख, आणि शेवटच्या आठवड्यात ‘अगं, मानपत्र कोण लिहितंय?’

पुढचा क्रम कथक किंवा भरतनाट्यमचा वर्ग आणि पाचशेच्या आसपास खुर्च्यांचं नाट्यगृह धरून लिहिला आहे. लेखात सगळीकडे ‘ताई’ म्हटलंय. तुमच्याकडे सर, बाई किंवा गुरुजी असतील तर तसं वाचा. हाताशी सहा महिने हवेत. चार महिन्यांतही जमतं, पण मग स्मरणिकेचा नाद सोडा.

## १. आधी ताईंना विचारा (सहा महिने आधी)

‘सरप्राइज’ नको. पन्नास विद्यार्थिनींना माहीत असलेली गोष्ट ताईंपासून लपत नाही, आणि लपलीच तर त्यांची डॉक्टरची तारीख नेमकी त्याच दिवशी निघते. दोन ज्येष्ठ विद्यार्थिनी आणि घरातलं एक माणूस, एवढ्यांनीच जाऊन बोला. सगळा गट घेऊन गेलात तर ताई संकोचाने सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणतील.

विचारायचंच असं:

- निमित्त काय सांगायचं, वर्गाची वर्षं की वय? एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन ही वयाची निमित्तं. अनेकींना वय फलकावर नको असतं. मग ‘वर्गाची ४० वर्षं’ हेच निमित्त धरा. दोन्ही एकत्र करू नका.
- थैली (सत्कारात द्यायची रक्कम) स्वीकारतील का? नको म्हणाल्या तर त्यांच्या नावाने विद्यार्थिनींच्या फीसाठी निधी चालेल का?
- औक्षण, ओटी, पाद्यपूजा यांतलं काय हवं, काय नको? ‘पाच सवाष्णी बोलवा’ असं परस्पर ठरवू नका. औक्षण विद्यार्थिनींनी केलं की हा प्रश्नच उरत नाही.
- गुडघे, पाठ, रंगमंचाच्या पायऱ्या. आयुष्यभर तत्कार (कथकचं पायांचं काम) केलेल्या पायांना अरुंद पायऱ्या अवघड जातात. विंगेच्या बाजूने सपाट वाट आहे का, हे सभागृह बघतानाच बघा.
- स्वतः काही सादर करणार का? नाचणार नसल्या तरी बसून पढंत (कथकचे बोल तोंडाने म्हणणं) किंवा नट्टुवांगम (भरतनाट्यमला झांजांवर ताल देत बोल म्हणणं) करायला अनेकींना आवडतं.
- व्यासपीठावर कोण नको? प्रश्न अवघड आहे, पण आता विचारलेला बरा.

तपासणी: उत्तरं त्याच दिवशी लिहून काढा आणि समितीच्या गटावर टाका. पुढे कुणी ‘पाद्यपूजा हवीच’ म्हणालं तर वाद घालावा लागत नाही.

## २. समिती आणि पैसे

पाच ते सात जणी पुरे. कामं चार: नोंदी आणि मजकूर, रंगमंच, पैसे, निमंत्रणं. शेवटचा शब्द एकीचाच, आणि ती शक्यतो त्या दिवशी नाचणारी नसावी. नाचणाऱ्या बाईला साडेचारपासून मेकअपच्या खुर्चीत बसावं लागतं. तिला वायरमन शोधता येत नाही.

पैसे एखादीच्या नेहमीच्या यूपीआय खात्यावर गोळा करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. किराणा, पगार आणि वर्गणी एकाच पासबुकात मिसळते. वर्गाची नोंदणीकृत संस्था असेल तर तिचं खातं वापरा, नसेल तर दोन सह्यांचं वेगळं बचत खातं काढा. प्रत्येक जमेची पावती द्या. देणगीवर आयकरात सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) मिळेल असं सांगायचं, तर संस्थेकडे ती मान्यता चालू असल्याचा कागद आधी हातात घ्या.

थैली देणार असाल तर तीन गोष्टी:

- नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर फक्त वरची नाही, सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. मोठी थैली ताईंच्या हातात देण्याआधी त्यांच्या करसल्लागाराशी बोला. नाहीतर पुढच्या जुलैत विवरणपत्र भरताना त्यांनाच भुर्दंड पडतो.
- एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. धनादेश किंवा बँकेतून पाठवणं हेच बरं.
- माजी विद्यार्थिनी परदेशात असतात आणि मनापासून पैसे पाठवतात. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची सरकारी परवानगी) नसेल तर परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी संस्थेच्या खात्यात घेता येत नाही; ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम या बंधनात येत नाही.

## ३. तारीख आणि सभागृह

महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा काही महिन्यांच्या हप्त्याने वाटल्या जातात, म्हणून अर्ज पहिल्या महिन्यातच टाका. गुरुपौर्णिमेचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या आठवड्यात सभागृह मिळत नाही, तबलजी मिळत नाही, आणि मिळालं तरी आषाढातला पाऊस प्रेक्षक अर्धे करतो. २९ एप्रिलच्या जागतिक नृत्य दिनाचंही तसंच: निम्मे कलाकार दुसरीकडे अडकलेले असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत होतात, ते दिवस सोडा. शाळांच्या परीक्षा आणि गणपतीही सोडा.

सभागृह बघायला जाताना खुर्च्यांकडे नंतर, आधी जमिनीकडे बघा. चपला काढून मंचावर चाला. लाकडी तळ हवा. सिमेंटवर पातळ गालिचा टाकलेला असेल तर तत्काराचा आवाज मरतो आणि गुडघे दुखतात. फळ्यांत खिळे वर आलेत का, सांधा कुठे हलतो, हे पायालाच कळतं.

इशारा: भाड्याच्या वेळेत मांडणी आणि आवराआवर धरलेली असते का, हे लेखी विचारा. तीन तासांचं सत्र म्हणजे तीन तासांचा कार्यक्रम नव्हे. मोकळ्या मैदानात करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी लागते आणि रात्री १० वाजता आवाज बंद करावाच लागतो.

## ४. कामाची नोंद: याला सर्वांत जास्त वेळ द्या

गौरवातलं टिकणारं काम हेच. नाच संपतो, फुलं सुकतात. ताईंनी काय केलं याची तपशीलवार नोंद मात्र बहुतेक वर्गांत कुठेच नसते. किमान तीन महिने यासाठी ठेवा.

कागद. हजेरीपट, पावतीपुस्तकं, परीक्षांचे निकाल, कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, शाळा-संस्थांची आभारपत्रं. हे सगळं सालवार लावून एक तक्ता करा: साल, ठिकाण, काय केलं, पुरावा कोणता. पुरावा नसलेली ओळ तक्त्यात राहू द्या, पण मानपत्रात घेऊ नका. ‘हजारो विद्यार्थिनी’ लिहिण्याआधी हजेरीपट मोजा. ६४० निघाल्या तर ६४० लिहा. तो आकडा ‘हजारो’पेक्षा जड वाटतो.

समाजकार्य. इथे सगळेच कमी पडतात, कारण हे काम पावतीशिवाय होतं. महापालिका शाळेतला फुकट वर्ग, वृद्धाश्रमातले कार्यक्रम, दृष्टिहीन मुलींना हाताला हात लावून शिकवलेल्या मुद्रा, फी माफ केलेल्या मुली. त्या संस्थांकडे जाऊन विचारा आणि त्यांच्याकडून चार ओळी लेखी घ्या. फी माफ झालेल्यांची नावं मात्र कुठेही छापू नका, वाचू नका. ताईंनी जे गुपचूप केलं ते माइकवरून सांगणं हा सत्कार नव्हे.

रचना. ताईंनी बांधलेल्या बंदिशी, तुकडे, परणी, जती (नाचाच्या बोलांच्या रचना) यांचं ध्वनिमुद्रण करा. पंखा बंद, खिडक्या बंद, छोटा माइक गळ्याजवळ, एका बैठकीला पाऊण तास. प्रत्येक रचना तीनदा घ्या: हाताने ताल देत सावकाश पढंत, मग मूळ लयीत, मग एखाद्या विद्यार्थिनीने नाचून. हाताने ताल दिलाच पाहिजे. नुसते बोल रेकॉर्ड केले तर दहा वर्षांनी ऐकणारीला तिहाई (तोच बोल तीनदा घेऊन केलेला शेवट) कुठून उठली हे कळत नाही.

प्रत्येक रचनेच्या नोंदीत एवढं हवं: ताल आणि मात्रा (तीनताल १६, झपताल १०, धमार १४), समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) उठते की मधून (उदाहरणार्थ तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून), किती आवर्तनं (तालाचे फेरे), तिहाईत दम (मधला थांबा) आहे का आणि असल्यास किती मात्रांचा, रचना ताईंची स्वतःची की त्यांच्या गुरूंकडून आलेली, आणि कोणत्या तुकडीला शिकवली. ‘स्वतःची की गुरूंची’ हे ताईंच्या तोंडूनच घ्या. इथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही आणि घराण्यातली माणसं ती विसरत नाहीत. भरतनाट्यममध्ये राग, ताल, पदाचा कर्ता आणि जतीचा कर्ता वेगवेगळे लिहा.

जुन्या फिती. व्हीएचएसच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर फीत यंत्रात घालू नका. यंत्राचं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या फितीला लागते. अशा फिती साफ करून देणाऱ्याकडेच द्या. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवला तर तो आकसतो आणि छापल्यावर चेहरे फाटतात. सहा इंच रुंद छापायच्या फोटोला १,८०० पिक्सेल रुंदी हवी.

तपासणी: तक्ता ताईंना स्वतः वाचायला द्या. सालं त्या दुरुस्त करतील, आणि दोन-तीन ओळी खोडतील. खोडलेलं परत घालू नका.

## ५. मानपत्र (दोन महिने आधी)

मंचावर मराठी मजकूर नीट वाचायला मिनिटाला साधारण शंभर शब्द. म्हणून मानपत्र २०० ते २२० शब्दांचं. त्याहून लांब मानपत्राला चौथ्या परिच्छेदात खोकले सुरू होतात.

रचना अशी ठेवा: संबोधन, ताईंचं शिक्षण आणि त्यांच्या गुरूंची नावं, वर्गाची सुरुवात (साल, जागा), शिकवण्याची खासियत सांगणारी एक ठोस गोष्ट, समाजकार्यातल्या दोन ठळक ओळी, देणाऱ्यांची नावं, तारीख. सगळं ‘आपण’ असं थेट ताईंना उद्देशून.

कच्चा मजकूर एकीनेच लिहावा. सहा जणींनी मिळून लिहिलेल्या मानपत्रात सहा वेळा ‘अष्टपैलू’ येतं. मग एक चाळणी लावा: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही शिक्षिकेला चालेल का? चालत असेल तर काढा. ‘आपण विद्यार्थिनींवर मायेची पाखर घातलीत’ हे कुणालाही चालतं. ‘घुंगरू बांधण्याआधी सहा महिने नुसता तत्कार, ही आपली अट आजही तीच आहे’ हे त्यांनाच.

इशारा: युनिकोडमधला मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार आणि ॲ हे नेहमीचे बळी. पक्की प्रत पीडीएफमध्ये मागवा, कागदावर काढा आणि उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून वाचा. असं वाचलं की डोळा अर्थावरून घसरत नाही. ताईंच्या गुरूंचं नाव दोघींनी स्वतंत्रपणे तपासा. चौकट घेताना काच चमकणारी नको, समोरच्या दिव्यात फोटोत नुसता पांढरा डाग येतो.

## ६. कार्यक्रमाचा क्रम

सत्कार शेवटी ठेवला तर लहान मुली झोपलेल्या असतात, पालक गाडी काढायला उठलेले असतात आणि ताई थकलेल्या असतात. अगदी सुरुवातीला ठेवला तर उशिरा येणाऱ्यांचा चुकतो आणि पाहुणे सत्कार करून निघून जातात. मध्यंतराच्या लगेच आधीची जागा सर्वांत चांगली. साडेपाचला सुरू होणारा अडीच तासांचा आराखडा:

- ५.३० दीपप्रज्वलन, गुरुवंदना किंवा पुष्पांजली
- ५.४० लहान गटांचं नृत्य, ३० मिनिटं
- ६.१० ताईंवरची चित्रफीत, ८ मिनिटं
- ६.१८ मानपत्र वाचन आणि सत्कार, १५ मिनिटं
- ६.३३ पाहुण्यांचे दोन शब्द, ७ मिनिटं
- ६.४० ताईंचं मनोगत, १५ मिनिटं
- ६.५५ मध्यंतर
- ७.१० ज्येष्ठ विद्यार्थिनींचं नृत्य, ४५ मिनिटं
- ७.५५ साथीदारांचा सत्कार, आभार

भाषण एकच. दुसरं हवंच असेल तर ते ताईंनी ज्या शाळेत किंवा संस्थेत शिकवलं तिथल्या कुणाचं ठेवा, नगरसेवकाचं नको. पाहुणे उशिरा आले तर नाच सुरू करा. दीपप्रज्वलन सर्वांत जुन्या विद्यार्थिनीकडून करून घ्या. ताईंच्या मनोगताला घड्याळ दाखवू नका, तेवढी पाच मिनिटं दुसऱ्या भागातून काढायची तयारी ठेवा.

परदेशातल्या विद्यार्थिनींचे संदेश ४० सेकंदांचे, फोन आडवा धरून, महिनाभर आधी मागवा. तीस जणींनी पाठवले तर सगळे दाखवू नका. आठ दाखवा आणि बाकीचे ताईंना पेनड्राइव्हवर द्या.

ताई ज्या वस्तीत, शाळेत शिकवतात तिथली मुलं यायलाच हवीत. त्यांच्यासाठी बस आणि खाणं ठरवा, जागा मधल्या रांगांत राखा. त्यांना मंचावर उभं करून ‘ही गरीब मुलं’ म्हणायचं नाही. नाचत असतील तर इतर तुकड्यांसारखंच नाव घ्या.

## ७. तालमी

माजी विद्यार्थिनींना उत्साह असतो. पोटऱ्यांची सवय मात्र पंधरा वर्षांत गेलेली असते. दहा आठवडे आधी सुरू करा. पहिले तीन आठवडे घुंगराशिवाय तत्कार, मग पायाला पन्नास घुंगरं, पूर्ण दीडशे शेवटच्या महिन्यात. चक्करांची (गिरक्यांची) संख्या जुन्या फितीत बघून ठरवू नका.

‘सगळ्यांनी एकत्र नाचायचं’ हा हट्ट मंचाच्या मापात बसत नाही. विंगा आणि साथीदारांची जागा सोडून ३६ बाय २० फूट उरले, तर चक्कर घेणाऱ्या प्रत्येकीला सहा बाय सहा फूट धरून अठरा जणी मावतात. चाळीस घातल्या तर मागच्या दोन रांगा कुणाला दिसत नाहीत आणि हात हाताला लागतात. दशकवार तुकड्या करा: एक तुकडी जाताना पुढची तोच ठेका पकडून येते. भरतनाट्यममध्ये पूर्ण वर्णम (तिथली सर्वांत लांब रचना) घेऊ नका, तो अर्धा-पाऊण तास खातो.

साथीदारांबरोबर किमान दोन तालमी, त्यांतली एक संपूर्ण क्रमाने. मानधन आधी ठरवा आणि त्याच संध्याकाळी द्या. वर्षानुवर्षं वर्गात वाजवणारे तबलजी ‘घरचेच’ म्हणून राहून जातात.

## ८. त्या दिवशी

जमीन. नर्तकी अनवाणी आहेत हे सत्काराच्या गडबडीत विसरलं जातं. पाकळ्या, अक्षता, समईचं तेल, नारळाचं पाणी, सुटलेली पिन, यांतलं काहीही पायाखाली आलं तर मुलगी पडते. सोपा उपाय: सत्कार मंचाच्या एका कोपऱ्यात जाड सतरंजीवर करा. संपला की चार जणींनी सतरंजीची टोकं उचलून, पाकळ्यांसकट गुंडाळून न्यायची. मग मध्यंतरात कोरडा झाडू आणि त्यावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं. समई मंचावर नको, पायरीजवळ, खाली परात ठेवून. पाद्यपूजा ठरली असेल तर ती ग्रीनरूममध्ये किंवा घरी.

आवाज. लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी, सतत वाजणारी धून) नाचणारीला ऐकू आला पाहिजे, म्हणजे मंचाकडे तोंड केलेला एक स्पीकर लागतो. प्रेक्षकांकडचे दोन असून उपयोग नाही. घुंगरांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत माइक. लेहरा रेकॉर्ड केलेला असेल तर तबला त्याच सुरात मिळवलेला हवा. हे दुपारीच जुळवा.

ताई. एकीला फक्त ताईंसाठी नेमा. तिचं काम: पाणी, औषध, खुर्ची, आणि विंगेत जाऊ न देणं. ‘ताई, हिचा अंबाडा बघता का?’ म्हणत येणाऱ्यांना तिने परतवायचं. ताई पहिल्या रांगेत, पायरीजवळच्या खुर्चीत. मंचावर हात असलेली, फार खोल नसलेली खुर्ची. मखमली सिंहासनातून उठायला त्रास होतो.

तपासणी (पडद्याआधी): मानपत्र ताब्यात कुणाच्या? शालीची घडी उघडून पाहिली का? वाचणारीकडे मोठ्या अक्षरांत छापलेली वेगळी प्रत आहे का? चौकटीतलं मानपत्र हातात धरून वाचता येत नाही.

## ९. नंतरचे पंधरा दिवस

खातं बंद करून जमाखर्च सगळ्या वर्गणीदारांना पाठवा. उरलेली रक्कम कुठे गेली हे त्यात हवंच. ध्वनिमुद्रणं, कागदांचे स्कॅन आणि तक्ता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक ताईंच्या घरी, एक वर्गात. घेतलेले मूळ फोटो यादीप्रमाणे परत करा. जुने फोटो हरवल्यावरून तुटलेली नाती कमी नाहीत.

एक काम बहुतेक समित्यांना सुचत नाही. पद्म पुरस्कारांसाठी कोणताही नागरिक शिफारस करू शकतो. ती राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइनच भरावी लागते. कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत. पुरस्कार प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जाहीर होतात आणि शिफारशींची मुदत त्याआधी कित्येक महिने संपते, म्हणून त्या वर्षीची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या दुसऱ्याच आठवड्यात बघून घ्या. मरणोत्तर पद्म सहसा दिला जात नाही, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ नको. मानपत्र जसंच्या तसं तिथे चिकटवू नका. टप्पा ४ मधल्या तक्त्यातून साल, ठिकाण आणि आकडे उचलून नवा मजकूर लिहा, आणि संस्थांनी दिलेल्या लेखी ओळी हाताशी ठेवा.